इच्छित स्थळ

मागच्या खेपेला वाट चुकून आण्णासाहेब पोराला, रणधीरला घेऊन मुलीच्या घरी उशिरा पोचले, तेव्हा तिथं दुसऱ्याशीच तिचा साखरपुडा चालला होता. म्हणून यंदा त्यांनी गाडीत रस्ता सांगणारं यंत्र बसवलं. जायचं होतं तुळजापूरकडच्या जळकोटला. रणधीरनं यंत्रात नुसतं 'जळकोट' टाकलं. आपलं गाव बेंबळी सोडून लातूरही मागं पडलं, तशी त्याला शंका आली.

"आण्णा, आपुन उलटं चाललोय."

"गप. यंत्रातली बाई एवढी सांगतीय, तिला काय येड लागलंय?"

गावात "मुलगी बघायला आलोय" म्हटल्यावर लोकांनी सरळ घर दाखवलं. पोहे खाताना उलगडलं, की हे लातूर जिल्ह्यातलं जळकोट, आणि या घरचे खरे पाहुणे अजून यायचेत.

आण्णासाहेब उठले. रणधीर मात्र चहा देणाऱ्या सृष्टीकडं बघत बसून राहिला.

"तुमचे पाहुणे कुठं अडकले?" त्यानं विचारलं.

"आत्ताच फोन आला," सृष्टी म्हणाली. "तुळजापूरकडच्या जळकोटात पोहे खातायत. त्यांच्याकडंबी यंत्र हाय."

दारातल्या गाडीत बाई अजून घोकतच होती, "आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात."

आण्णासाहेबांनी कान दिला आणि परत बसले.

"बाईला स्थळ पसंत हाय," ते म्हणाले.