साहेबाच्या बगिच्यातली माती

साहेबाने देऊळघाटच्या माळावर विलायतेतल्या आपल्या बापजाद्यांच्या हवेलीची हुबेहूब नक्कल उभारली होती. वऱ्हाडातल्या घराला ऊब द्यायला चार चार धुराडी! आता एकच उरलं होतं, त्यावर कावळे बसत. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथले वासे तर गावभर फिरून घरोघरी जाऊन बसले होते.

पण मंजुळाबाई नांदुऱ्याहून आली ती पडझड बघायला नव्हे. तिचा नवरा मोतीराम साहेबाचा माळी. आंघोळ घातली की घर डोक्यावर घेणारी त्यांची तान्ही लेक तापाने गेली, तेव्हा त्याने तिला गुपचूप गुलाबाच्या वाफ्यात पुरलं. साहेबाला कळतं तर नोकरी जाती, म्हणून माहेरीही जागा सांगितली नाही. पुढे साहेब विलायतेला गेला, ही दोघं नांदुऱ्याला. यंदा मोतीराम वारला. जाताना एवढंच म्हणाला, "पोरीले एकदा भेटून ये."

सोबत देऊळघाटातच मळा करणारा धाकटा भाऊ पंजाबराव होता. सकाळी त्याच्याकडे भरीत-भाकर खाऊन ती निघाली होती. पदराखाली तांब्यात थोडं दूध होतं.

कारंज्याच्या फुटक्या कुंडीपाशी ती उजवीकडे वळली आणि थबकली. वाफ्याच्या जागी कंबरभर खड्डा होता.

"पंजाब, इथली माती कुठं गेली रे?"

"मीच नेली ना, बाई! बैलबंड्या भरभरून. साहेबाच्या घरचं खत खाल्लेली माती, म्हणून तर वांगे असे मातले. सकाळी तूच म्हणे ना, असं भरीत जन्मात खाल्लं नाही म्हणून?"

 खड्ड्याच्या काठाशी बसून मंजुळाबाई भडाभडा ओकली.

"ऊन लागलं काय, बाई?"

तिने तोंड पुसलं आणि सगळं सांगितलं. पंजाबराव खड्ड्यात उतरून उरलेली माती चाचपू लागला.

"मले काऊन नाही सांगितलं वं? एखादं हाडूक तरी दिसाले पाहिजे होतं."

"एवढ्याशा लेकराचं काय दिसन रे!"

त्याच्यावर चिडावं तर त्याचा दोष काय? चांगली माती वाया जाऊ देईल तो शेतकरी कसला. तिला राग आला तो स्वतःचा. एवढी वर्षं नोकरीला भिऊन तोंड शिवून बसली होती, आणि साहेब जाऊनही जमाना झाला होता.

"उद्याच उपटून फेकतो सारे वांगे," पंजाबराव रडत म्हणाला.

"नको. आता अजून कुठं हलवशीन तिले?"

दोघं मळ्यात आली. वांग्यांना पाणी चाललं होतं. नेमकं कोणत्या झाडाखाली ओतावं? मंजुळाबाईने दूध थोडं थोडं करून सगळ्या वाफ्यांत शिंपडलं. एवढ्यात पाटाचं पाणी उसळत आलं. तिने चटकन पाय आडवा घातला.

"पाणी हळू सोडत जाय रे, पंजाब. अंगावर पाणी पडलं की लई रडे ती."