पेटीचा भाता

"स्वानंदीला विचार," आई म्हणाली.

आश्लेषा बेलव्ह्यूहून पार्सिपनीला आईच्या घरी आल्यापासून हे ऐकत होती. छतावरचा बर्फ ओढायचं लांब दांड्याचं खोरं कुठे आहे? स्वानंदीला विचार. तळघरातला हीटर असा का खडखडतो? स्वानंदीला विचार. बाबा शेवटी शेवटी चहात साखर घ्यायला लागले होते का? त्यावरही आईनं, शुभाताईंनी, क्षणभर आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, "तिलाच विचार गं. शेडमधला चहा तीच करायची."

मग आश्लेषानं विचारणंच सोडून दिलं. खोरं तिला गॅरेजमध्ये सापडलं. हीटर खडखडत राहिला. साखरेचं मात्र मनात रुतून बसलं.

बाबा, देवदत्त, नोव्हेंबरात गेले. नोकरीत असल्यापासूनच ते परसातल्या लाकडी शेडमध्ये पेट्या दुरुस्त करत, निवृत्त झाल्यावर तर दिवसभर. लोक पुण्याहून, मिरजेहून हौसेनं पेटी आणत. इथल्या हिवाळ्यात घरं तापली की लाकूड सुकायचं, सांधे उघडायचे, भात्यातला वारा भलतीकडूनच निसटायचा. मग ती पेटी गाडीत मागे ब्लँकेटमध्ये गुंडाळून पार्सिपनीला यायची.

सूर लावणं हे त्यांच्या मते दोघांचं काम. एकानं भाता मारायचा, दुसऱ्यानं पितळेची पात, म्हणजे सूर, कानशीनं किंचित घासून ऐकायचं. वारा सारखा आला नाही तर सूर खोटं बोलतो, असं ते म्हणत. शाळेत असताना भाता आश्लेषा मारायची. कॉलेजला गेली, मग नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेव्हा भात्यावरची ती जागा रिकामी राहिली असेल असं ती धरून चालली होती. मधल्या काळात नागपूरची एक मुलगी इथल्या एका ऑफिसात रुजू झाली, आपली फुटकी पेटी घेऊन आली आणि शिकायला म्हणून राहिलीच. ती स्वानंदी.

दिवसकार्य उरकल्यावर आश्लेषा शेडच्या दारापर्यंत गेली होती. आत पाऊल टाकवलं नाही. दारातूनच दिसलं, टेबलावर बाबांची चौकड्यांची शाल पांघरलेली पेटी होती. कानशी, पक्कड, सरसाचं भांडं हारीनं मांडलेलं, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि वाळलेला झेंडू. खंडेनवमीला बाबा हॉस्पिटलात होते. म्हणजे हत्यारांची पूजा हिनं केली होती. आश्लेषानं त्याच संध्याकाळी नवं कुलूप आणून लावलं आणि किल्ली बेलव्ह्यूला नेली. आता ती शालीखालची पेटी न्यायला आली होती. बाबांची स्वतःची, ते वाजवायचे ती. रविवारच्या विमानात ती शेजारच्या सीटवर ठेवायची, तसं तिकीटही काढलं होतं.

पण बर्फ थांबेना. आधीचा वितळायच्या आत दुसरा आला आणि त्यावर रात्रभर पाऊस पडला. शनिवारी सकाळी बातम्यांत कुठल्याशा गोदामाचं छत खाली आलेलं दाखवत होते. गावातल्या एका शेतकऱ्याची यंत्रं ठेवायची पत्र्याची शेडही बसली होती. चहा होतोय तोवर दारात स्वानंदी उभी. गुडघ्यापर्यंत बूट, नाक लाल, हातात पोह्यांचा डबा.

"काकू, आधी गरम आहेत तोवर खा. ताई, शेडची किल्ली देता? पेट्या घरात घेऊन टाकू. भिजलेला बर्फ लय जड असतो."

"मी बघते," आश्लेषा म्हणाली.

"मी पण येते ना. काका काय करायचे, आधी आत मधल्या तुळईखाली टेकू लावायचे, मग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं—"

"स्वानंदी." आश्लेषानं कप खाली ठेवला. "माझ्या बाबांची शेड आहे. मी लहानपणापासून बघतेय. तू पोहे खा."

शुभाताई डब्याचं झाकण उघडता उघडता थांबल्या. "आशू, अगं तिला माहितीये—"

"माहितीये मला की तिला माहितीये."

बाहेर आल्यावर गार हवेत तिला बरं वाटलं. शेडच्या घराकडच्या बाजूला उभं राहून तिनं खोरं उंच टाकलं आणि ओढलं. बर्फाची लादी घसरून पायाशी धपकन पडली. पुन्हा टाकलं, पुन्हा ओढलं. दंड भरून आले, पण छताची काळी कौलं दिसू लागली तसा तिला चेव चढला. ही बाजू साफ झाली. मागची बाजू कुंपणाला लागून होती. तिथे कमरेएवढा बर्फ साचलेला, त्यातून वाट काढायला हवी होती. एक बाजू मोकळी केली म्हणजे निम्मं ओझं तर गेलं, असा तिनं हिशेब केला. खिडकीतून कुणीतरी काच ठोठावत होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

आधी आवाज आला, मोठी फांदी मोडावी तसा. मग मोकळी झालेली बाजू वर उचलल्यासारखी झाली, सगळी शेड मागच्या ओझ्याकडे कलली आणि छत आत बसलं. दार चौकटीतून सुटून पुढे आलं. कुलूप त्याला लटकलेलंच होतं.

स्वानंदी धावत आली. "ताई! लागलं काय? सरका मागे, ती भिंत अजून येईल!"

"बाबांची पेटी," आश्लेषा म्हणाली. तिनं फळ्यांमध्ये हात घातला.

"काय करून राहिल्या ताई! खिळे आहेत तिथं!"

"सोड मला. पेटी आत आहे."

"नाहीये."

आश्लेषानं मान वळवली.

"काकांची पेटी आत नाहीये," स्वानंदी म्हणाली. तिनं आश्लेषाचं मनगट सोडलं नव्हतं. "शालीखाली आहे ती एडिसन गावातल्या शाळेची, दुरुस्तीला आलेली. काकांची माझ्याकडे आहे. ऑक्टोबरात दिली त्यांनी. हॉस्पिटलात जायच्या आधी."

आश्लेषाला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि ते वाटणं पुरतं व्हायच्या आतच रागही आला. पेटी भंगली असती तर निदान ती आपली भंगली असती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होती. तुम्ही कुलूप लावलं. मग म्हटलं, आता सांगितलं तर चोरीच केली वाटेल."

शाळेची पेटी फळ्यांखालून निघाली तेव्हा तिच्या पट्ट्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. दुसरी, कुणा सुहासिनी काकूंची, नुसती ओली होती. दोघींनी ती उचलून घरात आणली. शुभाताईंनी पाहिलं. टॉवेल आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुपारी स्वानंदी बाबांची पेटी घेऊन आली. न सांगताच. दिवाणखान्यात सतरंजीवर ठेवली, झाकण काढलं. कोपऱ्यावरचा पॉलिश उडालेला तुकडा आश्लेषाला लगेच ओळखू आला. तिथे बाबांचा अंगठा टेकायचा.

"घेऊन जा ताई उद्या," स्वानंदी म्हणाली. "फक्त गंधार खाली गेलाय. तेवढा लावून देते. असा नका नेऊ."

तिनं सकाळी फळ्यांखालून उचललेली कानशी काढली. हळदीचा डाग अजून मुठीवर होता. एका हातानं भाता हलवत ती सूर ऐकायला वाकली. सूर थरथरला. पुन्हा केलं, पुन्हा थरथरला. शुभाताई खुर्चीवरून म्हणाल्या, "एकटीनं नाही व्हायचं ते."

मग आश्लेषा सतरंजीवर येऊन बसली आणि तिनं भात्याला हात लावला. किती वर्षं झाली होती, तिला वाटलं हात विसरला असेल. भाता उघडला, अलगद दाबला, संपत आला तसा पुन्हा उघडला. वारा कुठेही न तुटता गेला. सूर खाली होता, पण स्थिर होता.

स्वानंदीनं मान वर केली. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे खरंच होतं ते," ती म्हणाली.

"काय?"

"तीन वर्षं ऐकून राहिली मी. माझा हात हलला की काकांचं सुरू. आशूसारखा भाता कुणी मारत नाही. आशूचा वारा म्हणजे वारा. यार, मला वाटायचं बाप आहे, म्हणणारच." तिनं कानशी पायजम्याला पुसली. "खरं सांगू? वीट आला होता मला तुमचा. तुमचा फोन आला की मी चहाच्या निमित्तानं बाहेर जायची."

शुभाताईंना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी टॉवेल तोंडाशी धरला.

आश्लेषा हसली नाही. तिनं भाता थांबवलाही नाही. बाबा फोनवर तिला पाऊसपाणी विचारायचे, ऑफिसचं विचारायचे. हे कधी म्हणाले नव्हते. ते सगळं या मुलीला सांगून गेले होते.

"मारत राहा," स्वानंदी म्हणाली. "घासते आता."

"मारतेय. काय म्हणायचे बाबा?"

"सांगितलं ना आत्ताच."

"पुन्हा सांग," आश्लेषा म्हणाली. "त्यांनी म्हटलं तसंच सांग."