कॅप्टनला सांगितलेलं

आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही कुत्र्याशी बोलतात.

"कॅप्टन, तुझ्या पप्पांना म्हणावं, ओला टॉवेल पलंगावर टाकायला हे हॉटेल नाही."

"कॅप्टन, मम्माला सांग, टॉवेल वाळत घालायला दोरी मोकळी लागते. तिच्यावर मम्माच्या ओढण्या सोमवारपासून लोंबतायत."

मधे कॅप्टन. चॉकलेटी रंगाचा लॅब्रॅडॉर, वय दोन वर्षं, अपराध शून्य.

सौमित्र माझा मुलगा. लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. भैरवी माझी सून, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणजे लोकांच्या मुलांना मन कशाशी खातात ते समजावते. घरी आल्यावर दोघांचीही विद्या चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

ही रीत काही यांनी शोधलेली नाही. शिवाजी पेठेत माझ्या सासूबाईंनी, आक्कांनी, तीस वर्षांत मला एक शब्द थेट सुनावला नाही. त्या माझ्या नणंदेला म्हणायच्या, "धोंडे, आमटीत मीठ घालायची रीत न्हाय व्हय गं तुमच्यात?" धोंडुबाई बिचारी आमटीच्या आसपासही फिरकलेली नसायची. लेकी बोले, सुने लागे. पण ते आपल्याला नाही, हे धोंडुबाईला पक्कं ठाऊक असायचं. ती मला डोळा मारायची आणि दुसरी भाकरी घ्यायची. दारात मोत्या नावाचं कुत्रं होतं. आक्कांचा आवाज पार तालमीपर्यंत जायचा, पण मोत्याला त्या दिवसातून दोनदाच हाक मारायच्या, तीही भाकरी टाकायला. मोत्या म्हणजे भाकरी, एवढाच अर्थ त्या जिवाला माहीत. आक्कांनी मला पुष्कळ छळलं, पण त्या कुत्र्याच्या नावाला कधी खरकटं लागू दिलं नाही.

इथं आमच्या तिसऱ्या मजल्यावर कॅप्टनच्या नावाचं पायपुसणं झालं होतं. वर्षभरात तो नाव ऐकलं की दिवाणाखाली शिरायला लागला. तिथं थरथरायचा, कधी मुतायचा, पुढचा पंजा चाटून चाटून त्यानं सोलून काढला होता. मी चौतीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळले आहेत. ज्या पोराचं नाव दिवसभर रागानं घेतलं जातं, ते हजेरीलाही दचकतं. हे मी दोघांना सांगितलं. दोघांनी कॅप्टनकडे बघून मान हलवली आणि त्याचे कान तपासून आणले.

कान ठणठणीत निघाले. मग पुण्याचा एक तज्ज्ञ मोबाइलवर आला. त्यानं ऐन मे महिन्यात अंगाला घट्ट बसणारं जाकीट घालायला सांगितलं, बासरीचं संगीत लावायला सांगितलं आणि शेवटी निदान केलं की कुत्र्याला असुरक्षित वाटतंय. दिवाणाखालचा ओला डाग रोज मी पुसत होते. मला ते फुकटात कळलं होतं.

अकरा ते पाच घरात आम्ही दोघंच. तेव्हा त्याला कसलाही आजार नसायचा. "ये रे" म्हटलं की यायचा, माझ्या पावलावर हनुवटी टेकून घोरायचा. माझे गुडघे गेल्यापासून पेठेतल्या मैत्रिणी फोनवरच भेटतात. आता फोनही विरळ झालेत. दुपारचं माझं माणूस म्हणजे तो. पाचनंतर लिफ्टचं दार वाजलं की तो उठायचा आणि कुणी काही म्हणायच्या आत दिवाणाखाली जायचा.

एका सोमवारी सौमित्रनं त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढला. कॅप्टन चावला. दोन दात लागले, पण घर असं हललं की जणू वाघच शिरला. इंजेक्शनं झाली आणि निकालही लागला. रविवारी कॅप्टन शिरोळला जाणार. तिथं माझे मावसदीर हंबीरराव आहेत, ऊस आहे, गोठा आहे, राखणीला कुत्रं लागतंच.

मी हट्टाला पेटले. बुधवारी कानाचं यंत्र नीट बसवून बैठकीत बसले. शेजारी वाटी आणि पदरात चिंचोके. टोमण्यासाठी कॅप्टनचं नाव निघालं की एक चिंचोका वाटीत. रात्रीच्या जेवणाला ती वाटी मी ताटांमधे ठेवली.

"हे काय?" भैरवीनं विचारलं.

"आज तुम्ही एकमेकांना मारलेले टोमणे. एकेचाळीस. सगळे त्या मुक्या जनावराच्या डोक्यावर फुटलेत."

सौमित्र हसला. "कॅप्टन, बघ रे, आजी आता गुप्तहेर झाली."

मी बेचाळिसावा टाकला. दिवाणाखाली फरशीवर नखं सरकल्याचा आवाज आला.

भैरवी हसली नाही. तिनं वाटी स्वतःकडे ओढली. "आई, यात तुमचे किती?"

"माझे कसले?"

"सकाळी चहाला उशीर झाला तेव्हा काय म्हणालात? 'कॅप्टन, आपण म्हातारे, आपल्याला कोण विचारतंय?' आणि दुपारी मी फोन केला तेव्हा, मला ऐकू येईल असं, 'कॅप्टन, आमच्या वेळी सुना घरात असायच्या.'"

माझ्या जिभेवर पंधरा उत्तरं होती. पण दुसऱ्यांचे मोजताना माझा स्वतःचा एकही चिंचोका मी वाटीत टाकला नव्हता. आक्का मरून वीस वर्षं झाली आणि माझ्याच तोंडात बसून बोलत होत्या, त्याही गोड आवाजात. मी पदरातले दोन काढून वाटीत टाकले.

त्याच रात्री ठरलं. रविवारपर्यंत कुणीही कॅप्टनच्या आडून बोलायचं नाही. जमलं तर तो राहील.

गुरुवार असा गेला की बाहेरच्या कुणाला आमच्या घरात पाहुणे आलेत असं वाटावं. "सौमित्र, मीठ दे." "घे." संध्याकाळी लिफ्ट वाजली. कॅप्टन उठला, दिवाणाशी थांबला, आणि पुन्हा माझ्या पायाशी येऊन बसला. नऊच्या सुमाराला त्यानं सौमित्रच्या बुटांचा वास घेतला. मला वाटलं, जिंकलो.

शुक्रवारी सकाळी गिझर चालू राहिला.

"कॅप्टन," भैरवी म्हणाली, "वीज कुणाच्या बापाची आहे का, विचार जरा."

"कॅप्टन, आधी अंघोळ कुणी केली तेही विचार!"

आणि मी, चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई, स्वयंपाकघरातून ओरडले, "बघ रे कॅप्टन, दोन दिवस धड निभवता येत नाहीत यांना!"

त्या दिवशी तो दुपारीही दिवाणाखालून बाहेर आला नाही. मी "ये रे" म्हटलं. नाही आला.

रविवारी तो शिरोळला गेला. आठवड्यानं हंबीररावांचा फोन आला. "वैनी, त्या नावानं हाक मारली की खाली मुंडी घालून पळतंय की! म्या नावच बदललं. गुळ्या म्हणतो. रंग गुळाचाच हाय न्हवं."

"येतोय का?"

"येतोय म्हंजे? भाकरी काढायच्या आत येतंय!"

महिन्यानं आम्ही तिघं बघायला गेलो. भैरवी गाडीतून उतरून बांधावर उभी राहिली आणि कधी नवऱ्याला मारली नसेल इतक्या लाडानं तिनं हाक मारली, "कॅप्टन! बाळा!"

गोठ्यासमोरून काहीतरी चॉकलेटी सुसाट पळालं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेलं.

"पावणं, तुमी जरा गप ऱ्हावा," हंबीरराव म्हणाले. आपल्याच पुतण्याला आणि सुनेला ते त्या दिवशी पावणं म्हणाले. मग त्यांनी जरा आवाज चढवला, "गुळ्या!"

तो बाहेर आला. पंजावर नवे केस आले होते. त्यानं हंबीररावांच्या हातातली भाकरी घेतली आणि मग येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकली.

सौमित्रचे डोळे भरून आले. "आई, नेऊ या परत. आम्हीही गुळ्याच म्हणू."

माझ्या पावलावर त्याचं ऊन ऊन वजन होतं. पुढच्या सगळ्या दुपारी मला दिसत होत्या. मी "हो" म्हटलं असतं तर दोघंही मला नाही म्हणाले नसते.

"एक नाव तुम्ही नासवलंत," मी म्हणाले. "आपण तिघांनी नासवलं. हे दुसरं आठ दिवसांत नासेल. राहू दे त्याला इथंच."

हंबीररावांनी हाक मारली तसा तो उठून गेला. मागं वळून बघितलंही नाही त्यानं. बरं केलं.

परतीच्या वाटेवर जयसिंगपूर आलं. मग पुढच्या सीटवरून भैरवी म्हणाली, "आई, तुमच्या लेकाला सांगा, एसी जरा कमी कर म्हणावं."

"आई, तिला सांग, खिडकी लाव आधी."

मी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी पर्समधे टाकली.