घरात विचारल्यावाचून

त्या वर्षी ठाण्यात बोधवाक्यांची साथ आली होती. मुंबईहून कोणी विद्वान आले होते. वाचनालयाच्या सभेत त्यांनी सांगितले, की विचारी पुरुषाने आयुष्यासाठी एक वाक्य निवडावे, ते डोळ्यांपुढे टांगावे आणि त्याप्रमाणे चालावे. दुसऱ्या दिवसापासून गावातले यच्चयावत विचारी पुरुष वाक्ये शोधू लागले. शेजारच्या कमळाबाईंच्या यजमानांनी 'ब्राह्ममुहूर्ती उठावे' हे निवडले, आणि ते वाचायला ते रोज आठ वाजता उठत.

आमची स्वारी वकील. यजमानांचे नाव मी घेत नाही, तेव्हा स्वारीच म्हणते. इकडून निवड करायला सबंध चैत्र गेला. 'सत्य' पेशाला जड जाईल म्हणून सोडले. 'उद्योग' दुपारच्या झोपेच्या आड येई. 'मितभाषण' फार पसंत पडले, पण ते का पसंत पडले हे मंडळींना समजावून सांगण्यातच घसा बसला. शेवटी एके सकाळी स्वारी न्हाणीघरातूनच ओरडत बाहेर आली, "सापडलं!"

वाक्य असे होते: 'घरात विचारल्यावाचून पाऊल टाकणार नाही.'

चर्चमधल्या पाट्या रंगवणारा फेलिक्स सागवानी फळी घेऊन आला. त्याने वाक्य दोनदा वाचले आणि डोके खाजवले.

"वकीलसाहेब, घरात म्हंजे कोनाला इचारायचा?"

"बायकोला! स्त्रीचं मत घेणं हे सुधारलेल्या माणसाचं लक्षण आहे."

"मंग अक्षरां मोठी काढू का बारीक?"

"मोठी. रस्त्यावरून दिसली पाहिजेत."

फळी ओटीवर लागली. मी तिला हळदकुंकू वाहिले. खोटे कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण मला विचारून काही करावे असे कोणाच्या मनात आले नव्हते. कमळाबाई म्हणाल्या, "भाग्याच्या हो तुम्ही. आमच्याकडे नुसता कोंबडा आरवतो."

माझे नेम पुष्कळ. सकाळी स्नान झाले, की तुळशीची पूजा आणि प्रदक्षिणा होईपर्यंत मी बोलत नाही. श्रावणातल्या सोमवारी दिवसभर उपास करते आणि सूर्य मावळायच्या आत मुक्याने जेवते. तोंडातून शब्द निघाला, तर भरल्या ताटावरून उठायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवायचे नाही. हे सगळे मला आत्याबाईंनी शिकवले. आत्याबाई म्हणजे रखमाबाई, इकडच्या आत्या, बालपणापासून विधवा. त्यांच्या मौनाची गोष्ट आळीत सांगत, की एकदा जेवताना पायावरून विंचू गेला, तरी त्यांनी हूं म्हटले नाही.

मला पहिल्यांदा विचारणे झाले, तेव्हा मी तुळशीभोवती फिरत होते. स्वारी पगडी घालून अंगणात आली.

"कपिला गाय काळुराम गवळ्याला द्यावी म्हणतो. तुझं काय मत?"

मी मान हलवली. पण प्रदक्षिणा घालताना मान हलतेच. स्वारी थांबली, घड्याळ काढून पाहिले आणि म्हणाली, "बरं. हरकत नाही तर." माझ्या प्रदक्षिणा संपल्या, तोवर कपिला खाडीपलीकडे कळव्याला जाऊन काळुरामाच्या दाव्याला बांधली गेली होती.

संध्याकाळी मी म्हटले, "गाय का दिली?"

"तुला विचारलं होतं की. तू काही बोलली नाहीस."

मुद्दाम तेव्हाच विचारणे होई, असे मी म्हणणार नाही. वकिलीत वेळ साधायची सवय लागते, ती घरी आल्यावर पगडीबरोबर खुंटीला कशी टांगणार? माजघरातली भिंत पाडताना मला विचारले. माझ्या माहेरचा पाळणा चुलतजावेला देतानाही विचारले. दरवेळी मी हात जोडून उभी, आणि समोर स्वारी घड्याळ हातात धरून थांबलेली. सभेत मात्र नाव झाले. लोक म्हणत, "वकिलांच्या घरी पत्नीच्या संमतीशिवाय पान हलत नाही." गाईसाठी आणि पाळण्यासाठी देवाचा नेम मोडावा, असे मला वाटले नाही.

मग कल्याणचे स्थळ आले.

माझी मंदाकिनी दहावे सरून अकराव्यात होती. पोथी घडाघडा वाचे, आणि वाचता वाचता मधेच थांबून "असं का?" म्हणून विचारी. मुलगा कल्याणचा. मुलगा म्हणायचे इतकेच, त्याच्या मिशा पिकू लागल्या होत्या. दोन बायका गेलेल्या, थोरला मुलगा मंदीहून मोठा. पण डोंबिवली-कोपरकडे भातशेती होती, आणि त्या शेतीचे कोर्टात चाललेले तंटे त्याहून जास्त. ते सगळे तंटे जावई आपल्या सासऱ्याकडेच देणार, हे उघड होते.

मी इकडे म्हटले, "हे स्थळ नको. पोर तिथे सुकून जाईल."

"अगं, अजून प्रश्नच निघाला नाही, तर मत कसलं देतेस? रीतसर विचारीन तेव्हा सांग."

"रीतसर म्हणजे कधी?"

"फळी आहे ना ओटीवर? विचारल्यावाचून होणार नाही." असे म्हणून स्वारी कूस बदलून झोपली.

कल्याणची मंडळी सुपारी फोडायला आली ती श्रावणातल्या सोमवारी. त्यांचा फराळ झाला, पानतबक फिरले. उन्हे कलली, तशी आत्याबाईंनी माजघरात दोन पाने मांडली. दिवसभर पोटात पाण्यावाचून काही नव्हते. आम्ही दोघी पानावर बसलो. मंदी वाढत होती. वरणावरचे तूप पानाबाहेर सांडले.

ओटीवर कल्याणचे मोठे काका फळी मोठ्याने वाचत होते. "वा, वकीलसाहेब! मग या कार्यातही वहिनीसाहेबांना विचारलंत ना?"

"म्हणजे काय? आत्ताच, तुमच्यादेखत!"

स्वारी माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मागे मंडळींचे डोळे दिसत होते.

"मंदाकिनीला कल्याणच्या स्थळी द्यावी, असं योजलं आहे. तुझी संमती आहे ना?"

घड्याळ बाहेर आले.

मी पानाकडे पाहिले. हा उपास, हे मौन मी कशासाठी करत होते? इकडच्या दीर्घायुष्यासाठी. महादेवाला मनात म्हटले, आयुष्य त्यांना अवश्य दे, पण आजचा हा एक नेम माझ्याकडून राहू दे. मंदी भाताचे पातेले धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आई सोमवारी बोलत नाही, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होते.

घड्याळ मिटले. "बरं, हरकत नाही त—"

"नाही," मी म्हटले.

माझा आवाज मुळातच लहान. स्वारीला तो ऐकू गेला, कारण तोंडावरचा रंग गेला. ओटीवरच्यांना मात्र ऐकू गेला नसावा. इकडून पटकन वळणे झाले. "हं, तर मंडळी—"

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. त्या पानावरून आलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अगं, मोठ्यानं बोल की. ओटीवर ऐकू गेलं नाही."

आत्याबाई! विंचवाला न बोललेल्या आत्याबाई! त्यांनी पाट मागे सारला आणि भिंतीला हात टेकत उठल्या. "मुलीची आई नाही म्हणते हो!" त्यांनी उंबऱ्याकडे तोंड करून ओरडून सांगितले. "आणि मीपण नाही म्हणते, पण मला कोणी विचारलेलं नाही."

मीही पानावरून उठले.

मग कल्याणचे काका हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, फळी तर तुमचीच."

काय करते स्वारी? फळी रस्त्यावरून दिसत होती. "माझं वाक्य ते वाक्य," असे म्हणणे झाले, आणि मंडळी संध्याकाळच्या गाडीने सुपारी तशीच घेऊन कल्याणला परत गेली.

त्या रात्री स्वारीने माझ्याशी मौन धरले. सकाळी फेलिक्सला बोलावणे गेले, की फळीवर दुसरे वाक्य काढायचे आहे. फेलिक्सने आभाळाकडे पाहिले. "पावसात रंग सुकनार नाय, साहेब. दिवाळी होऊ द्या."

दिवाळीपर्यंत काम हाताबाहेर गेले. कल्याणच्या काकांनी गावभर सांगितले, की वचन पाळावे तर ठाण्याच्या वकिलांनी. बायको नाही म्हणाली, तर सोयरीक मोडली, पण वाक्य मोडले नाही. तिथल्या सभेने स्वारीला व्याख्यानाला बोलावले. विषय होता 'स्त्रियांचे मत'. स्वारी नवा अंगरखा घालून गेली आणि हार घेऊन परतली. मग ती फळी काढायची कशी? उलट फेलिक्सकडून तिच्याभोवती सोनेरी वेल काढून घेतली.

मंदी आता ती फळी रोज वाचते आणि विचारते, "असं का?"

पुढला चातुर्मास लागण्याआधी आत्याबाई मला म्हणाल्या, "यंदा काय धरतेस?"

मी पुष्कळ विचार केला. नेम तर हवाच, इकडच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पण यंदा मी मौन धरले नाही. दूध सोडले. नाहीतरी गाय कळव्यालाच आहे.