चिमणी विमानात असताना

चष्मेवाल्याची धाकटी बहीण नोकरीसाठी आशियाच्या पार पूर्वेला राहायची. मधे साडेचार हजार किलोमीटर, विमानाने सहा तास. आईने अंथरूण धरलं तसा त्याने फोन केला आणि चिमणीने (घरात तिला सगळे चिमणीच म्हणत) मिळेल ते तिकीट काढलं.

"दादा, विमानात बसलेय. फोन बंद करतेय आता. आईला सांग, संध्याकाळी पोचते."

त्याने आईच्या कानाशी वाकून सांगितलं. आई किंचित हसली आणि तिचा डोळा लागला, तो लागलाच. डॉक्टर आले, नाडी बघितली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

चष्मेवाल्याने सवयीने फोन उचलला. बरं-वाईट काही झालं की तो आधी चिमणीला सांगायचा. दुसरं होतंच कोण? लग्न केलं नव्हतं, ओळखी सगळ्या चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या. फोन लागणार नाही हे ठाऊक असूनही तो लावत राहिला.

शेजारच्या मावशी आईजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू विमानतळावर जा. पोरीला हे फोनवर कळायला नको."

तो फारच लवकर पोचला. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "कोणाला न्यायला?"

"बहिणीला."

"वा! मग आज घरात मजा आहे."

"हो," तो म्हणाला. सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं, पण चिमणीच्या आधी परक्याला कसं सांगणार? फलकावर तिचं विमान अजून हवेतच होतं, आणि तिच्या लेखी आईही अजून होती.

शेवटी ती आली, जवळजवळ पळतच. काखेत आईसाठी घेतलेली मऊ उशी.

"कशी आहे रे आई?"

त्याने नुसती उशी तिच्याकडून घेतली. तिला कळलं.

"कधी?"

"तू निघालीस, त्यानंतर थोड्याच वेळात."

चिमणी मटकन बॅगेवर बसली. "आणि मी वर सिनेमा बघून हसत होते, दादा. आइस्क्रीमसुद्धा मागून घेतलं."

"बरं केलंस. तुझ्यापुरती तरी ती संध्याकाळपर्यंत होती."

तिने डोळे पुसून त्याच्याकडे नीट बघितलं. "आणि तू? इतका वेळ एकटाच होतास?"

दिवसभर हे कुणी विचारलं नव्हतं. चष्मेवाला तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

सुट्टी संपल्यावर चिमणी परत गेली. ती रोज फोन करते, खोदून खोदून विचारते. पण सकाळी दुकानाला निघताना तो अजूनही आईच्या खोलीकडे बघून "येतो गं" म्हणतो, जरासा थांबतो आणि मग दाराला कुलूप लावतो.