मुरलीधर अज्ञात कसा?

"हा मुरलीधरला अज्ञात म्हणतोय," दीनानाथ म्हणाले.

सून हेमांगी नोएडाच्या कॅबसाठी चपला शोधत होती. "कोण, बाबा?"

"फोन. मुरलीधरच्या मुलीची लग्नपत्रिका आलीये. उघडायला गेलो तर म्हणे, अज्ञात स्रोत. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलाय तो माझ्या."

"संध्याकाळी बघते. तोवर काही दाबू नका, प्लीज." लिफ्ट तिला घेऊन गेली.

केंद्र सरकारच्या कार्यालयात दीनानाथांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. नक्कल मूळ कागदाशी ताडायची, मग शिक्का. दिल्लीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत ते मराठी मंडळाचे चिटणीस होते. जन्मात त्यांनी एकही सुप्रभात पुढे ढकललं नव्हतं, म्हणून त्यांचा निरोप लोक डोळे मिटून उघडत. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच.

त्यांनी मुरलीधरला ताडून पाहिलं. नाव बरोबर, नंबर बरोबर, मुलगी लग्नाची. फोनचा उद्धटपणा पोटात घालून त्यांनी 'अनुमती द्या' दाबलं.

पत्रिका उघडली नाही. दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णासाहेब.

"काय हो, लग्न कुणाचं? पत्रिका पाठवलीत, उघडत तर नाही यार."

"मी कुठे पाठवली?"

"तुमच्याच नंबरवरून आलीये. सगळ्यांना."

दीनानाथांनी हेमांगीला फोन लावला.

"बाबा, ती पत्रिका नाही, ॲप आहे. मुरलीधरकाकांच्या फोनमध्ये शिरलं, तिथून तुमच्या. आतलं सगळं वाचतं आणि तुमच्या नावानं पुढे जातं. फोन आत्ताच बंद करा. आणि सगळ्यांना कळवा."

"फोन बंद करून कळवू कशावरून?"

दीनानाथांनी फोन बंद केला आणि इंटरकॉम उचलला. मराठी घरं एकेचाळीस, फ्लॅट नंबर पाठ.

"पत्रिका उघडलीत?" त्यांनी पहिल्याच घरी विचारलं.

"उघडली ना."

"फोन काही म्हणाला नाही?"

"म्हणाला, अज्ञात स्रोत. म्हटलं, दीनानाथ कधीपासून अज्ञात?"

"फोन बंद करा."

"अच्छा, पण हे तुम्हीच बोलताय कशावरून? आजकाल आवाजही नकली येतो."

दीनानाथांनी लोकांकडे जन्मभर मूळ प्रत मागितली होती. स्वतःची मूळ प्रत त्यांच्याकडे नव्हती. ते जिना उतरून गेले, दारात उभे राहून तोंड दाखवलं आणि परत आले. असं चार घरी झालं.

एकेचाळिसावं घर विजयालक्ष्मीबाईंचं. आठवा मजला, एकट्या, ऐकायला कमी. मुलगा कॅनडात; तो भेटायचा तेवढा त्या फोनवरच. इंटरकॉम वाजत राहिला. लिफ्ट तळाशी अडकलेली. दीनानाथ पायऱ्या चढायला लागले.

दार उघडंच होतं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, फोन हातभर लांब धरलेला, बोट वर उचललेलं.

"थांबा," दीनानाथ जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले.

"या, या. तुमचीच पत्रिका उघडतेय. अज्ञाताला अनुमती द्यायची का, विचारतोय. कोण हो हा अज्ञात?"

दीनानाथांनी चौकट धरली. श्वास जुळायला वेळ लागला.

"मी," ते म्हणाले. "नाही म्हणा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि 'नाही' दाबलं. मग आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आल्या. पत्रिका घेऊन दारात आलेल्याला कोरडं परत पाठवत नाहीत.