फुलोऱ्यातली सफरचंदं

महिनाभर आमच्या नालवाडीच्या घरातल्या फ्रिजचा खालचा कप्पा माझा नव्हताच. माझी लेक गुंजन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिनं एकाच पेटीतली सफरचंदं आणली. अर्धी फ्रिजमधी, अर्धी स्वयंपाकघरात टोपल्यात. सालीतली शरीराले चांगली द्रव्यं थंडीत किती टिकतात अन् उकाड्यात किती, हे तिले मोजाचं होतं. खाची तर नाईच, हातबी लावाचा नाई. मी वैतागली होती. कोथिंबीर कुठं ठेवू, डोक्यावर?

मंग महालक्ष्म्या आल्या. आंजीहून माझ्या थोरल्या जाऊबाई पंचफुलाबाई आल्या. मी पुरणात गुंतली असताना त्यायनं फ्रिज उघडला. एवढी लालभडक सफरचंदं देवीच्या डोक्यावर फळं-करंज्या टांगतात त्या फुलोऱ्यासाठीच आणली असतीन, असं समजून त्यायनं देठाले दोरे बांधले अन् सगळी देवीवर टांगली. फुलोऱ्याले चढवलेलं विसर्जनापर्यंत कोणी काढत नाई. खाली समया जळून राह्यल्या, घरात पाहुण्यायचा उकाडा.

गुंजन कॉलेजातून आली, वर पाह्यलं अन् पांढरी पडली. काय झालं ते समजल्यावर जाऊबाईचं तोंड एवढंसं झालं. मीच म्हटलं, जाऊ दे बापा, बाजारातून तशीच आणून फ्रिजमधी ठेवू, सरायले काय समजते?

"मले समजते ना, आई," ती म्हणाली.

बस, एवढंच. जाऊबाईले, तिच्या मोठीआईले, एका शब्दानं बोलली नाई, उलट त्यायच्या हातची पुरणपोळी मागून खाल्ली. विसर्जनानंतर सफरचंदं उतरवून तपासाले घेऊन गेली.

प्रदर्शनात आम्ही दोघी जावा मागं उभ्या होतो. तिच्या तक्त्यावर पहिलंच लिहिलं होतं: फ्रिजमधली सफरचंदं मधेच देवीवर टांगली गेली, म्हणून थंडीबद्दलचा माझा निष्कर्ष पक्का धरू नये. परीक्षकांनी ते वाचलं अन् म्हणाले, हे लिहिलं नसतं तर पहिला नंबर तुझाच होता.

"पण तो खोटा असता, सर."

मान ताठ, आवाज जराही हलला नाई. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ही माझ्या पोटची पोरगी, असं तिथल्या प्रत्येकाले धरून सांगावं वाटलं.

घरी पोचलो तर शेजारची मेघा फाटकातच उभी. नंबर आला का म्हणे. मी नाई म्हणेपर्यंत जाऊबाई पुढं झाल्या.

"आमच्या पोरीनं येऊ नाई देला," त्या छाती काढून म्हणाल्या.